पुढचा एक दात वाढवला: आठ महिने, साडेनऊ हजार किलोमीटर

मोटरसायकलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, बाजूला राहतं आणि गाडी चांगली की वाईट यावरच भांडण जुंपतं. एवढं पुरे की सिंगल सिलिंडर, पाच गिअर, आणि कंपनीतून आलेला चेन सेट पुढे १४ दात, मागे ४२. मी पुढचं १४ काढून १५ बसवलं, मागचं आहे तसंच ठेवलं. नोव्हेंबरात बसवलं, आता जुलै सुरू आहे.

नोकरी नाशिकच्या अंबडला, आई-वडील मालेगावला. शनिवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी रात्री परत. एका बाजूला शंभराच्या वर किलोमीटर, सगळा आग्रा रोड. ८० वर काटा धरला की टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारं मीटर) ६००० वर, आणि नेमकं तिथंच हँडल झिणझिणायला लागायचं. चांदवडला चहाला थांबलो की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असायचं, ग्लास डाव्या हातात घ्यावा लागायचा. दर दहा मिनिटांनी डावा पाय आपोआप सहावा गिअर शोधायचा. सहावा नव्हताच.

हिशोब सोपा आहे. ४२ भागिले १४ म्हणजे बरोबर ३. पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरलं की मागचं चाक एकदा. १५ बसवलं की हाच आकडा २.८ होतो. म्हणजे त्याच वेगाला इंजिन पावणेसात टक्के कमी फिरतं, ६००० च्या जागी ५६००. पण जेवढे फेरे वाचले तेवढीच चाकावरची ओढ प्रत्येक गिअरमध्ये घटली. इंजिनची ताकद ना वाढली ना कमी झाली. मागे दात कमी करूनही हेच साधतं, पण पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन. १४ ला ३९ लावलं तरी २.७९ च येतं. पुढचं स्वस्तही पडतं आणि त्यासाठी मागचं चाक उतरवावं लागत नाही.

बसवतानाच एक चूक केली. गाडी तेव्हा चौदा हजार चालली होती आणि चेन जुनीच होती. मेकॅनिक स्प्रॉकेटला चेनपॉकेट म्हणतो. म्हणाला, "भाऊ, नुसतं पुढचं चेनपॉकेट टाकू नका. जुनी चेन नवे दात खाऊन टाकेल. सेटच घ्या." मला वाटलं, हा बिल वाढवतोय. म्हटलं, टाक तू. त्यानं कव्हर उघडलं तर आत चेनचं तेल, धूळ आणि खडी मिळून काळ्या मेणासारखा थर बसलेला, पाव किलो तरी निघाला असेल. तो स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढल्यावर स्प्रॉकेट धरून ठेवणाऱ्या लॉक प्लेटचे दोन बोल्ट दिसले. १५ चं चक्र आत कुठे घासत नाही ना, हे त्यानं हातानं मागचं चाक फिरवून पाहिलं. तेवढं मात्र प्रत्येकानं पाहावं, काही गाड्यांत कव्हरपाशी जागाच उरत नाही. ४२८ मापाची चेन असेल तर एका दातानं मागचा अ‍ॅक्सल तीन मिलिमीटरच्या आसपास पुढे घ्यावा लागतो. अ‍ॅडजस्टरला तेवढी जागा आरामात होती, चेन जोडावी-तोडावी लागली नाही.

सहाशे किलोमीटरनंतर कर्र-कर्र आवाज सुरू झाला. गाडी न्यूट्रलला ठेवून मागचं चाक हातानं फिरवलं तर चेन एका जागी ताठ, दुसरीकडे ढिली. ताणलेल्या चेनच्या कड्यांमधलं अंतर वाढलेलं असतं, ती नव्या दातांवर नीट बसतच नाही. शेवटी चेन आणि मागचं ४२ नवं घेतलं, आणि खराब झालेलं १५ पुन्हा एकदा. त्या दिवशी मेकॅनिक काही बोलला नाही, नुसता हसला. हसण्याचेही पैसे लावायला हवे होते त्यानं.

आता रस्त्यावरचं. नाशिक सोडलं, ओझर मागे पडलं, पिंपळगावच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की फरक कळतो. ८० ला ५६००, हँडल शांत. चांदवडला दोन्ही हातांनी ग्लास धरता येतो. पण झिणझिण गेली असं समजू नका. ती ६००० फेऱ्यांचीच होती आणि अजूनही ६००० फेऱ्यांवरच येते, फक्त तिथं आता वेग ८५-८६ असतो. तुम्ही रोज ८५ नं जाणारे असाल तर माझं १५ तुम्हाला काहीच देणार नाही. मी ८० चा माणूस, म्हणून मला मिळालं.

राहूडचा घाट एकटा असलो की चौथ्यात निघतो, पूर्वी पाचव्यातच ओढायची. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे अडकून वेग पन्नासवर आला की मात्र थेट तिसरा, नाहीतर गाडी आतून टक-टक करायला लागते. ओव्हरटेकची सवयही बदलावी लागली. आधी नुसता अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला की निघायची, आता एक गिअर खाली टाकून मगच.

खरी फजिती उन्हाळ्याच्या शेवटी झाली. मे-जूनमध्ये मालेगावहून परतताना पश्चिमेचा वारा थेट छातीवर. त्या वाऱ्यात पाचव्यात ८० धरून ठेवायला इंजिनला दमच पुरेना. ७८, ७६, ७४... काटा नुसता उतरत होता आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला. चौथा टाकला की ८० धरायची, पण मग फेरे आधीच्या पाचव्यापेक्षाही जास्त. म्हणजे ज्याच्यासाठी हा उद्योग केला तेच त्या दिवशी हातातून गेलं. टॉप स्पीड वाढतं म्हणून पुढचं मोठं चक्र लावणाऱ्यांनी हे जरूर बघावं. कागदावर वाढतं, पण रस्त्यावर तेवढं ओढायला इंजिनमध्ये जोर उरलेला असावा लागतो. माझ्या गाडीचं टॉप वाढलं नाही, उलट सपाटीवर दोन-तीननं कमीच झालं असेल.

शहरात तोटाच आहे, आणि तो रोजचा. नाशिकच्या द्वारका चौकात सकाळी नऊला जाऊन बघा. पहिल्या गिअरची गाडी आता थोडी जास्त वेगानं चालते, त्यामुळे मुंगीच्या पावलानं सरकायचं तर हाफ क्लच धरूनच बसावं लागतं. त्यात कुंभाच्या कामांसाठी जागोजागी खोदलेलं. क्लचची केबल या आठ महिन्यांत दोनदा अ‍ॅडजस्ट केली, आधी वर्षातून एकदा पुरायची. स्पीड ब्रेकरवरून दुसऱ्यातच निघायची सवय होती, ती सोडावी लागली.

सप्तशृंगी गडावर मार्चमध्ये सौ.ला घेऊन गेलो. नांदुरीतून वर दहा किलोमीटरचा घाट. वळणावर दुसऱ्यात गाडी मरायला लागली, पहिल्यात नुसतीच गुरगुर, मधलं काही नाही. तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला, "अहो, मी उतरून चालू का?" चेष्टेनं म्हणाली की खरंच, ते अजून विचारलेलं नाही. उतरताना दुसराच धडा. चाकावर ओढ कमी तशी इंजिनची पकडही कमी, त्यामुळे उतारावर ब्रेक जास्त वापरावा लागतो. जुन्या सवयीनं दुसऱ्यावर भिस्त ठेवू नका, वेळीच पहिला टाका.

अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजलं. हायवेला आधी ३९ होतं, आता ४२ च्या आसपास. शहरात ४१ होतं ते ४० वर आलं. निव्वळ पेट्रोल वाचवायला कुणी हे करणार असेल तर चेन सेटचे पैसे कधी वसूल होणार ते आधी कागदावर मांडावं. मी मांडलं नव्हतं.

मीटरचंही बघून घ्या. माझ्या गाडीचं मीटर पुढच्या चाकावरून चालतं, त्यामुळे त्याला काही फरक पडला नाही. मित्राच्या गाडीत सेन्सर गिअरबॉक्सला आहे. त्यानं माझं पाहून १४ चं १५ केलं, आता मीटर ७० दाखवतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात ७५ नं धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून त्याला वाटत होतं की अ‍ॅव्हरेज वाढायच्या ऐवजी पडलं. एका रविवारी मोबाइलवरच्या जीपीएसनं दोघांनी ताडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला.

एक गोष्ट मेकॅनिकला विचारली नसती तर कळली नसती. चेनच्या कड्या नेहमी सम असतात, आतली-बाहेरची जोडी असते म्हणून. पुढचे दात सम असले तर एका दाताला कायम आतलीच कडी भेटते आणि शेजारच्याला बाहेरची. १५ सारखे विषम असले की फेऱ्याफेऱ्याला अदलाबदल होते, झीज वाटली जाते. नवा सेट नऊ हजारांच्या जवळ चाललाय आणि दातांची टोकं अजून वाकलेली नाहीत. मात्र याचं श्रेय विषम दातांना द्यायचं की दर पाचशेला चेन पुसून तेल लावण्याला, कोण जाणे.

१४ परत लावावं का, असं दर सोमवारी द्वारकेला वाटतं आणि दर शनिवारी पिंपळगावच्या पुढे विसरतो. हा सेट संपला की १५ तसंच ठेवून मागे ४४ लावायचा बेत आहे. आकडा २.९३ येतो, म्हणजे ८० ला ५८७० च्या आसपास. करंगळीला तेवढं चालतंय का ते बघायचं. दुकानदाराला हबच्या बोल्टांचं माप दिलंय, त्यानं "दुसऱ्या मॉडेलचं बसतं का बघतो" म्हणून सांगितलंय. जुनं १४ कागदात गुंडाळून सीटखाली ठेवलंय, नवरात्रात गडावर पुन्हा जायचंय.