खोडकिड्यासाठी निंबोळी अर्क की ट्रायकोकार्ड?

भातात रासायनिक औषधं टाळायची ठरवलं की खोडकिड्याचं, म्हणजे खोडात शिरून ते पोखरणाऱ्या अळीचं, काय करायचं, हा प्रश्न आधी येतो. कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नरांना ओढणारे) लावावेतच, पण माझ्या मते त्यांचा खरा उपयोग या किडीचे पतंग कधी सुरू झाले हे कळण्यापुरता. सापळ्यात नर अडकतात. बाहेरून अंडी घालायला आलेल्या मादीला त्याचं काही नाही. म्हणजे निवड उरते ती निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी मारणाऱ्या बारीक माश्यांचं कार्ड, यांत. मी चार हंगाम अर्क फवारला, गेले तीन हंगाम कार्ड लावतोय.

अर्काच्या बाजूने बोलायचं तर निंबोळ्या घरच्या, कुणावर अवलंबून राहायला नको. पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून १०० लिटर करायचं, थोडा साबण टाकायचा. झाला ५ टक्के अर्क. उन्हात त्याचा असर लवकर उतरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी. पाने गुंडाळणाऱ्या अळीवर आणि तुडतुड्यांवर मला तो बरा वाटला. तुडतुडे बुंध्याशी बसतात, तेवढा नोझल खाली न्यायचा.

पण ते नोझलच! दोनदा कापडातून गाळा, तीनदा गाळा, गाळ कुठून तरी येतोच. पाठीवर भरलेला पंप, पाय चिखलात रुतलेले, वर ढग दाटलेले, आणि फवारा एकदम शेपटीसारखा बारीक होतो. दांडी काखेत धरून नोझल उघडायचं, तोंडाने फुंकायचं (चव दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही), गवताच्या काडीने छिद्र मोकळं करायचं, आणि दहा चुड पुढे गेलं की पुन्हा तेच. अंधार पडेपर्यंत निम्मं खाचर राहायचं आणि रात्री पाऊस आला की फवारलेलंही धुऊन जायचं. शिवाय अळी एकदा खोडात शिरली की बाहेरून फवारलेलं तिला काय करणार? म्हणजे फवारणी वेळेवरच हवी, आणि नोझल नेमकं तेव्हाच तुंबतं.

कार्डाचं काम त्याआधी, अंड्यातच. पॉलिश पेपरच्या तुकड्यासारख्या दिसणाऱ्या त्या कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. त्यांतून ट्रायकोग्रामाच्या माश्या निघून किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. भातासाठी त्यातली ट्रायकोग्रामा जॅपोनिकम ही जात मागायची. हेक्टरी ५० हजार ते १ लाख अंडी, लावणीनंतर महिन्याभराने सुरुवात, दर आठवड्याला एकदा, पाच-सहा वेळा. पट्ट्या कापायच्या, पानांच्या खालच्या बाजूला स्टेपल करायच्या. पाठीवर काही नाही, खिशात स्टेपलर.

तोटे आहेत. कार्ड जिवंत वस्तू आहे, तुमच्यासाठी थांबत नाही. एकदा सलग पावसात मी ते कपाटात ठेवलं आणि माश्या पाकिटातच निघाल्या. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं असतं तर थोडे दिवस मिळाले असते. मुंग्याही कार्ड फस्त करतात. आणि पिवळ्या खोडकिड्याच्या अंडीपुंजावर केसांचं आवरण असतं, त्यामुळे आतली काही अंडी वाचतातच. सगळी कीड जाईल अशी अपेक्षा असेल तर कार्ड निराश करेल.

मी मोजमाप केलेलं नाही. पण बांधावरून चालताना ओढल्याबरोबर हातात येणारे वाळके पोंगे (मधले कोंब) कमी झालेत, निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, पांढऱ्या लोंब्याही; दोन्ही खोडकिड्याच्याच खुणा. कदाचित पाऊसमान चांगलं असेल, कदाचित लावणीआधी रोपांचे शेंडे खुडायला लागलो त्याचा हात असेल. शेंड्यावरची अंडी त्यातच जातात.

निंबोळ्या मी अजून गोळा करतो. तुडतुडे दिसले तर अर्क लागतोच, कार्ड तिथे कामाचं नाही. तेव्हा नोझल उघडायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सोबत नेतो.