लाल-निळ्या टिकल्यांच्या भरवशावर एक बेसबॉल सीझन

मार्चमध्ये ऑफिसच्या फँटसी बेसबॉल लीगमधला बारावा भिडू नोकरी सोडून गेला आणि त्या जागी मला ओढलं. फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ करायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर गुण मिळवायचे. मी मूळचा सांगलीचा, सिएटलजवळ राहून नऊ वर्षं झाली. स्टेडियममध्ये जायचं, लसणीचे फ्राइज खायचे, होमरन झाला की सगळ्यांबरोबर उभं राहायचं, एवढाच माझा बेसबॉलचा व्यासंग. बाकीचे अकरा जण लहानपणी खेळाडूंची कार्डं जमवत वाढलेले. त्यांच्या आठवणींपुढे माझा निभाव लागणार नव्हता, म्हणून मी आकडे धरले. २०२५चा अख्खा सीझन, मार्चच्या शेवटापासून २८ सप्टेंबरपर्यंत, फटक्यांचा वेग आणि कोन मोजणाऱ्या बॅटिंगच्या नव्या आकड्यांवर संघ चालवला. बारांत चौथा आलो.

आधी लीगचा प्रकार सांगतो, कारण पुढची निम्मी गंमत त्यात आहे. आमची लीग रोटिसरी पद्धतीची. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी ही पद्धत सुरू केली. फलंदाजांचे पाच रकाने असतात: धावा, होमरन, आरबीआय म्हणजे फटक्यावर घरी आणलेल्या धावा, चोरलेले बेस, म्हणजे पिचर (गोलंदाज) चेंडू टाकत असताना फटक्याविना धावून गाठलेले पुढचे बेस, आणि सरासरी, म्हणजे किती वेळा बॅटिंगला जाऊन किती हिट (बेस मिळवून देणारे फटके). प्रत्येक रकान्यात बारा संघांची क्रमवारी लागते, पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक. खेळाडू किती थोर आहे याचा सहावा रकाना नाही. हे मला जुलैमध्ये कळलं.

मुख्य साधन होतं बेसबॉल सॅव्हंट. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचीच साइट, एक पैसा लागत नाही. प्रत्येक खेळाडूच्या पानावर आडव्या पट्ट्या आणि त्यांवर गोल टिकल्या. आतला आकडा पर्सेंटाइलचा, आपल्या सीईटीसारखा. लालभडक टिकली म्हणजे गडी त्या बाबतीत अव्वल, गडद निळी म्हणजे तळाला. मागची यंत्रणा स्टॅटकास्ट, जी २०१५पासून तिसही मैदानांत आहे आणि २०२०पासून हॉक-आयच्या कॅमेऱ्यांवर चालते. हॉक-आयचं नाव वाचून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. एलबीडब्ल्यूवरून घरोघरी भांडणं लावणारा हाच!

पहिला महिना मी शिकण्यापेक्षा मिरवण्यात घालवला. बॅबिप नावाचा आकडा हाती लागला होता. होमरन सोडून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिटमध्ये बदलले, त्याचं हे प्रमाण. लीगची सरासरी ०.२९०च्या आसपास असते. त्यामुळे ज्याचा बॅबिप ०.२२० दिसेल तो दुर्दैवी, लवकरच वर येणार, असं मी धरून चाललो. या तत्त्वावर तीन खेळाडू वेव्हरवरून, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्यांच्या यादीतून, उचलले. त्यांतला एकही वर आला नाही. जो सारखा चेंडू आकाशात उडवतो किंवा धावायला जड आहे, त्याचा बॅबिप मुळातच कमी असतो, ही साधी गोष्ट मला बदली-खेळाडूंचे तीन आठवडे वाया घालवून कळली. बॅबिप एकटा बघायचाच नाही, त्या खेळाडूच्या आधीच्या दोन-तीन वर्षांशेजारी ठेवून बघायचा.

मग आला मे महिना आणि हुआन सोटो.

न्यूयॉर्क मेट्सनं या माणसाला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले होते आणि मे संपताना त्याची सरासरी होती ०.२३१. न्यूयॉर्कचे प्रेक्षक घरच्याच मैदानावर त्याला हुर्यो करत होते. आमच्या लीगमध्ये तो माझ्या मॅनेजरकडे होता आणि मॅनेजरसाहेब रोज दुपारच्या जेवणाला त्याच्या नावानं बोटं मोडायचे. मी पान उघडलं तर सगळं लाल. फटक्यांचा वेग लाल, घेतलेले वॉक (चार चेंडू बाहेर पडले की फुकट मिळणारा बेस) लाल, बाहेरच्या चेंडूला न छेडणं लाल. एक्स-वोबा आणि खरा वोबा यांत मोठी दरी. वोबा म्हणजे वॉक, हिट, होमरन यांना ज्याच्या त्याच्या मोलाप्रमाणे वजन देऊन काढलेला आकडा. एक्स-वोबा म्हणजे थोडक्यात असं: तुमचा प्रत्येक फटका किती वेगानं आणि कुठल्या कोनात सुटला ते बघायचं, तसे फटके आजवर किती फळले ते काढायचं, त्यात वॉक आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) मिळवायचे. निकाल बाजूला ठेवून कामाला दिलेले गुण. परीक्षकानं उत्तर चुकलं तरी रीत बरोबर म्हणून मार्क द्यावेत, तसं.

माझ्याकडे तेव्हा शिकागो कब्जचा पीट क्रो-आर्मस्ट्राँग होता. होमरन आणि चोरलेले बेस दोन्ही ढिगानं देत होता, अख्खी लीग माझ्यावर जळत होती. त्याच्या पानावर मात्र एक टिकली गडद निळी: चेस रेट. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या वैध चेंडूच्या चौकटीच्या, बाहेरच्या चेंडूंमागे बॅट घेऊन धावण्याचं प्रमाण. या बाबतीत तो लीगमधल्या सगळ्यात हावऱ्या फलंदाजांपैकी एक. मला वाटलं, पिचर काही आंधळे नाहीत, कधीतरी ते याला झोनमध्ये चेंडू टाकणं बंद करतील. मॅनेजरला निरोप पाठवला: क्रो-आर्मस्ट्राँग घ्या, सोटो द्या. आठ मिनिटांत होकार. इतक्या पटकन होकार आला की पोटात गोळा येतो. भाजीवाल्यानं घासाघीस न करता पहिल्याच भावाला हो म्हणावं तसा.

जूनमध्ये सोटोनं ११ होमरन मारले आणि नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) महिन्याचा मानकरी ठरला. मी मनातल्या मनात गुलाल उधळला. पण क्रो-आर्मस्ट्राँगही थांबेना. जुलैच्या मध्यापर्यंत त्याचे २५ होमरन झाले, तो ऑल-स्टार, म्हणजे सीझनमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात सुरुवातीच्या नऊंत खेळला आणि सोटोची निवडच झाली नाही. त्या आठवड्यात मॅनेजरनं माझ्या डेस्कवर ऑल-स्टारचं वेळापत्रक चिकटवून ठेवलं होतं. पुढे ऑगस्टमध्ये पोराची त्या महिन्यापुरती सरासरी ०.१६० वर आली. वर्षाअखेर त्याचे ३१ होमरन, ३५ बेस, ०.२४७. सोटोचे ४३ होमरन, ३८ बेस, ०.२६३.

३८ बेस! हा सौदा करताना मी चोरीच्या रकान्यात नुकसान सोसायची तयारी ठेवली होती. सोटो आधीच्या वर्षी ७ बेस चोरलेला, आयुष्यातला उच्चांक १२, धावण्याच्या वेगात सरासरीहून खाली. त्याच्या पानावरची कुठलीही टिकली ३८ म्हणत नव्हती. मेट्सचा तेव्हाचा पहिल्या बेसवरचा कोच अँटोन रिचर्डसन याला नंतर बरंच श्रेय दिलं गेलं: पिचरच्या हालचाली वाचायच्या, नेमक्या क्षणी सुटायचं. म्हणजे ज्या ट्रेडबद्दल ऑफिसात माझी पाठ थोपटली गेली, त्यातली होमरनची बाजू आकड्यांची होती आणि बेसची बाजू निव्वळ नशिबाची. मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

आता टिकल्यांनी मला जिथे तोंडघशी पाडलं ते. ड्राफ्टच्या वेळी, म्हणजे सीझनआधी आळीपाळीनं खेळाडू निवडताना, सॅन डिएगोच्या लुइस अराएझचं पान उघडलं आणि हसलोच. फटक्यांचा वेग निळा, बॅटचा वेग निळा, बॅरल निळे. बॅरल म्हणजे सर्वोत्तम जातीचा फटका: किमान ताशी ९८ मैल वेग आणि त्या वेगाला २६ ते ३० अंशांचा कोन. वेग वाढेल तशी कोनाची मुभा वाढते. अराएझ त्या वाटेला जातच नाही. पण हाच गडी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं तीन वेगवेगळ्या संघांकडून सरासरीचा किताब जिंकलेला. २०२५मध्ये अख्ख्या सीझनमध्ये तो फक्त २१ वेळा स्ट्राइकआउट झाला, सरासरी ०.२९२. मला सरासरीच्या रकान्यात शेवटी तीन गुण मिळाले. मला हवा होता तो माणूस निळा दिसतो म्हणून मी सोडला. एक्स-वोबा सांगतो फलंदाज एकूण किती मोलाचा. माझ्या लीगला त्यातला एकच तुकडा लागत होता, तो कुठला हे मी बघितलंच नाही.

दुसरा इसाक पारेदेस. याचंही पान फिकट. पण २०२३मध्ये टॅम्पाकडून त्यानं ३१ होमरन मारले होते, कारण तो चेंडू सारखा डाव्या रेषेकडे ओढतो, जिथे कुंपण सगळ्यात जवळ असतं. अपेक्षित आकड्यांच्या गणितात वेग आणि कोन आहे, दिशा नाही. २०२४मध्ये तो शिकागो कब्जच्या रिग्ली फील्डवर गेला, तिथे डावी रेषा ३५५ फूट, आणि त्याची हवाच गेली. मग ह्यूस्टनला आला. तिथे डावीकडचं कुंपण ३१५ फुटांवर. दुखापतीमुळे २०२५मध्ये सुमारे शंभरच सामने खेळला, त्यांत २० होमरन. आमच्यातल्या एका शांत गृहस्थानं त्याला शेवटच्या फेऱ्यांत उचललं होतं. त्यानं कुठलाही आकडा बघितला नव्हता. 'तिकडचं मैदान लहान आहे ना,' एवढंच म्हणाला.

मैदानाचा धडा मला घरच्या अंगणातही मिळाला. अ‍ॅरिझोनाचा युहेनियो सुआरेझ माझ्याकडे होता, एप्रिलमध्ये एकाच सामन्यात चार होमरन मारलेला. जुलैअखेर ३६ होमरनसह तो सिएटल मरिनर्सकडे आला तेव्हा मी आनंदानं बायकोला तिकिटं काढायला सांगितली. खरं तर मीच रोज या शहरातली थंड, जड हवा खातो. टी-मोबाइल पार्क हे फलंदाजांसाठी सगळ्यात कंजूष मैदान आहे, सॅव्हंटच्या पार्क फॅक्टरच्या (कुठलं मैदान फलंदाजांना किती साथ देतं त्याच्या) यादीत ते तळाला असतं, हे मला पाठ होतं. तरी मी त्याला विकला नाही. इथे त्याचे १३ होमरन आणि सरासरी ०.१८९. आकडा समोर असून प्रेमापोटी न ऐकणं याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मात्र त्याच प्रेमापोटी मी ड्राफ्टमध्ये मरिनर्सच्या कॅल रॅलीला बाकी सगळ्या कॅचरांच्या (बेसबॉलमधले विकेटकीपर) आधी घेतलं होतं. अख्खी लीग हसली होती: कॅचर कुणी इतक्या लवकर घेतं का? त्यानं ६० होमरन मारले. कुठल्याही कॅचरनं आजवर इतके मारलेले नाहीत.

पहिल्या फेरीतला माझा माणूस होता टोरोंटोचा व्लादिमिर गेरेरो ज्युनिअर. वेगाच्या टिकल्या रक्तासारख्या लाल, पण बरेच फटके जमिनीलगत. २३ होमरन. फँटसी संपल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यानं आमच्याच मरिनर्सविरुद्ध सात सामन्यांत तीन होमरन मारले आणि मालिकावीर झाला. यावर मला अधिक बोलायचं नाही.

सगळ्यात उपयोगी काय ठरलं विचाराल तर कुणाला घ्यायचं हे नाही, कुणाला सोडायचं नाही हे. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंगला आल्यावर बोलू लागतं. सरासरी मात्र अख्ख्या सीझननंतरही पूर्ण भरवशाची नसते. त्यामुळे एखादा खेळाडू गार पडला की मी आता आधी स्ट्राइकआउट बघतो, मग बॅटचा वेग. हा वेग मे २०२४पासून सगळ्यांना बघायला मिळतो, सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास. दोन्ही जागच्या जागी असतील तर हात बांधून बसायचं. बॅटचा वेगच उतरला असेल तर कुठेतरी दुखतंय असं धरायचं. टॅम्पाच्या हुनिअर कामिनेरोला मी याच वेगावर घेतलं आणि याच वेगावर त्याच्या थंड आठवड्यांत धरून ठेवलं. ४५ होमरन दिले त्यानं. मधे दोनदा ट्रेडची विचारणा आली होती.

धावा आणि आरबीआय या दोन रकान्यांसाठी हे सगळं जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथे फलंदाज कितव्या क्रमांकावर खेळतो आणि त्याच्या पुढेमागे कोण आहे हे बघावं लागतं. ते रोजच्या लाइनअपमध्ये फुकट लिहिलेलं असतं आणि मी जूनपर्यंत ते उघडलंही नव्हतं.

वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला रोज तासभर जायचा. पूर्वेकडचे सामने आमच्या चार वाजताच सुरू होतात, म्हणजे ऑफिसच्या वेळेत. आता रविवारी सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं पुरतात. रोज बघितलं की रोज काहीतरी करावंसं वाटतं.

बाबांना फोनवर हे सगळं समजावलं. आधी विचारलं, 'सट्टा आहे का?' नाही म्हटलं, हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला जेवण द्यायचं. मग ०.२५० म्हणजे काय ते सांगितलं: चारदा जाऊन एकदा हिट. जरा वेळ शांतता. 'चारदा जाऊन एकदा? आपल्या गल्लीत त्याला कायमचं फिल्डिंगला ठेवलं असतं.'

पुढच्या मार्चसाठी कागदावर आत्ताच दोन नावं लिहून ठेवली आहेत, एक लाल आणि एक निळं. निळं अराएझचं.