ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचा सात-आठ महिन्यांचा अनुभव: गुडघा बरा, हिशेब वाईट

गुडघेदुखीवर घेतात त्या या गोळ्या. डबीच्या दर्शनी बाजूला ठळक लिहिलेलं असतं: ग्लुकोसामाइन १५०० मिलिग्रॅम, कॉन्ड्रॉइटिन १२०० मिलिग्रॅम, ६० गोळ्या. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'प्रति सर्व्हिंग'. आणि सर्व्हिंग म्हणजे तीन गोळ्या! म्हणजे ६० गोळ्यांची डबी वीस दिवसांत खल्लास. डबी बाराशेची, महिन्याचे झाले अठराशे, वर्षाचे २१,६००. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे हे माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. १५०० लिहायचं तर एका गोळीत १५०० द्या, नाहीतर समोर ५०० लिहा.

दोन्ही गुडघे, उजवा जास्त. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ नाही. वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा. गोळ्यांबद्दल त्यांचं म्हणणं, 'घ्यायच्या तर घ्या, माझा आग्रह नाही.' आग्रह मेडिकलवाल्याचा. 'काकू, सगळेच नेऊन राहिले.' नेल्या.

गोळी बोटाच्या पेराएवढी, घशात अडकते, आणि वास ओल्या सुकटीचा. तो का, हे डबी फिरवल्यावर कळलं. तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी! बहुतेक ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यापासून केलेलं शाकाहारीही मिळतं, पण त्याच्या जोडीला कॉन्ड्रॉइटिन असेल तर तेही बघा, ते साधारण जनावरांच्या कूर्चेतून येतं. आमच्या घरी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

पहिले दोन-तीन महिने मी याच गोळ्यांची जाहिरात करत होते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकायची, ते बंद झालं. सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर लिफ्टला रांग दिसली की जिना चढून जायला लागले. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

मग आला मे महिना. ऑनलाइन शंभर रुपये वाचतात म्हणून तिकडून मागवली. डबी उघडली तर गोळ्यांचा गोळा! वरचं आवरण वितळून सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, सुरीनं सुट्या कराव्या लागल्या. फोन केला. 'मॅडम, पच्चीस डिग्री के नीचे रखना था.' अहो, नागपुरात मे महिन्यात पंचवीस डिग्री कुठे असते? पहाटे चारलाही नसते. आणि माझ्याकडे डबी पाच मिनिटं होती, त्याआधी कुरिअरच्या गाडीत भर उन्हात किती तास तापली, ते कोणाला विचारायचं? फोटो पाठवा, बॅच नंबर पाठवा, उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. डबी उघडताना व्हिडिओ कोण काढतं? महिनाभराहून जास्त हे चाललं. शेवटी पैसे परत आले, पाठवणावळ कापून.

या भांडणात मी नवी डबी घेतली नाही, हट्टानंच. आणि गुडघा काही बोलला नाही! जिना तसाच, सकाळची पावलं तशीच. म्हणजे फरक पडला होता तो गोळ्यांनी, की त्याच सुमारास सुरू केलेल्या बाकीच्या गोष्टींनी?

भाची फिजिओथेरपीची आहे. तिनं सांगितलं, अमेरिकेत १,५८३ लोकांवर मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये छापून आली. एकूण गटात या दोन्ही गोळ्या नुसत्या खोट्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा ठळक सरस ठरल्या नाहीत. आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतल्याही साठेक टक्के लोकांचं दुखणं कमी झालं. जास्त दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटात दोन्ही एकत्र घेतल्यावर फायदा दिसला, पण तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. २०१९ मध्ये तिकडच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं तर गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन नकोच म्हटलंय.

मग 'बाकीच्या गोष्टी' कोणत्या? रात्रीचा भात आणि चहाबरोबरची खारी सोडली, चारेक किलो उतरले. किलोभर वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं उतरतो म्हणे. माझ्या चारचे सोळा झाले, हा हिशेब मात्र आवडला. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, टाच उचलायची, पाच मोजायचे, सोडायचं. दुसरा व्यायाम, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. सुरुवातीला मांडी अशी थरथरायची की हे पेपर बाजूला ठेवून बघत बसायचे. फिरणं उन्हाळ्यात सहाच्या आत, नंतर ऊन जाळतं. आणि कूलर! दर उन्हाळ्यात बादल्या वाहून कूलर भरायचा, त्यानं गुडघ्याचं जेवढं नुकसान झालं असेल तेवढं कशानं नाही. मुलानं पाइप आणि बॉलकॉक बसवून दिला, मोजून साडेतीनशे रुपये. पाट आणि भारतीय संडास दोन्ही सुटले. फार दुखलं तर डायक्लोफिनॅकचं मलम चोळते.

२०१७ साली सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, साध्या, कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांध्याला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. दवाखान्याचा खर्च वेगळा, मान्य. पण त्या वेळच्या भावानं अडीच वर्षांच्या गोळ्यांत नुसता सांधा आला असता!

पाचपैकी दोन. दुसरा गुण एवढ्यासाठी, की मला पोटाचा किंवा कसला त्रास झाला नाही. तुम्हाला घेऊन बघायच्याच असतील तर दोन-तीन महिने घ्या, फरक नाही वाटला तर बंद करा, आणि पैसे देण्याआधी डबी उलटी करून सर्व्हिंग वाचा.

एक डबी अर्धी उरली आहे. समोरच्या काकूंनी मागितली, 'वाया काहून घालवतेस?' पण त्यांना रक्त पातळ राहायला वॉरफरिन चालू आहे, आणि त्याच्यासोबत ग्लुकोसामाइन घेतलं तर रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही म्हटलं. चिकटपणा करते असं त्यांनी गल्लीत सांगितलंय. सांगू द्या.