राखेच्या भरावात नुसता चुना की चुना-जिप्सम?

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेचा भराव करणाऱ्या एका मित्राला, राख घट्ट होण्यासाठी तिच्यात काय मिसळावं, हा प्रश्न पडला होता.

खर्चात नुसता चुना स्वस्त, मिसळायलाही सोपा. पण राखेशी त्याची प्रक्रिया फार संथ चालते. तोवर मोकळा चुना झिरपत्या पाण्याबरोबर निघून जातो (लिटरभर पाण्यात सुमारे 1.7 ग्रॅम विरघळतो) आणि मजबुती हातची जाते. मला खरी काळजी याचीच वाटते.

चुन्याबरोबर एक टक्क्याच्या आसपास जिप्सम घातलं की सुरुवातीची मजबुती लवकर येते, छिद्रं बुजतात, गळती घटते. मात्र जिप्सममधल्या सल्फेटमुळे शेजारच्या काँक्रीटला धोका असतो.

पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या, पावसाळ्याआधी उरकायच्या भरावाला चुना-जिप्सम घ्या. कोरड्या जागी, क्युअरिंगला (ओलसर ठेवून मजबुती येऊ देण्याला) महिने असतील तर नुसता चुना पुरतो.