मेण चढवलेल्या कॅनव्हासचा ॲप्रन: दीड वर्षाच्या सुतारकामानंतर

घरी हौस म्हणून सुतारकाम करणाऱ्याला ॲप्रन हवाच, असे मी म्हणणार नाही. पहिली काही वर्षे मी जुन्या शर्टावर भागवले आणि ॲप्रनवाचून काम कधी अडले नाही; हरवत राहायची ती पेन्सिल. बाकावर ठेवलेली पेन्सिल सालपटांखाली गडप व्हायची, कानामागची पेन्सिल खाली वाकताच घसरायची आणि हातातली करवत बाजूला ठेवून तिला शोधत बसावे लागायचे. या एका वैतागापायी मी मेण चढवलेल्या कॅनव्हासचा ॲप्रन घेतला. त्याला आता दीड वर्ष होत आले असून रंधा मारण्यापासून गोंद लावून क्लॅम्प आवळण्यापर्यंतची सुटीच्या दिवसांतली बहुतेक कामे मी तो घालूनच केली आहेत.

जाहिरातींत सर्वाधिक कौतुक कापडाचे असते. माझ्या मते त्याला त्या मानाने फार महत्त्व नाही. हे कॅनव्हास चौरस यार्डाला 16 औंसाचे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 540 ग्रॅम वजनाचे आहे. नवे असताना ते इतके ताठ होते की वाकल्यावर छातीवरचा भाग पुठ्ठ्यासारखा हनुवटीशी येई. अंगाबरोबर वळू लागायला त्याला दोन महिने लागले. मेणामुळे भुसा विणीत रुतून बसत नाही आणि हात फिरवला की झडतो, हा फायदा खरा आहे. उलट बाजूने, हवा खेळत नसल्यामुळे उकाड्यात तासभर रंधा मारला की पोटावरचा शर्ट ओला होतो. ज्याचे काम आठवड्याला दोन-तीन तासांचे आहे, त्याला 12 औंसाचे साधे सुती कॅनव्हास पुरेल. चामड्याचा ॲप्रन ठिणग्या उडणाऱ्या कामात शोभतो. लाकूडकामात तो बव्हंशी ओझेच ठरतो.

खरा फरक पडतो तो पट्ट्यांमुळे. गळ्यात फासा अडकवण्याची जुनी पद्धत स्वयंपाकघरात चालते, कारण तिथे खिशांत फार तर एखादा चमचा असतो. इथे मोजपट्टी, काटकोन तपासायचा गुण्या, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि मूठभर स्क्रू असे वजन साठत जाते, आणि ते सगळे मानेवर आले की बाकावर वाकून केलेल्या दोन तासांच्या कामानंतर मान आखडते. माझ्या ॲप्रनचे पट्टे खांद्यांवरून मागे जाऊन पाठीवर फुलीसारखे एकमेकांना छेदतात आणि कमरेपाशी कड्यांत अडकतात. वजन दोन्ही खांद्यांवर विभागले जाते आणि मान मोकळी राहते. केवळ या एका गोष्टीसाठी मी थोडे जास्त पैसे पुन्हा मोजेन. त्रास आहे तो घालताना. पट्ट्यांना पीळ पडला की कोणता हात कुठून घालायचा हे कळेनासे होते आणि माणूस जाळ्यात सापडल्यासारखा स्वतःभोवती फिरत राहतो. पट्टे खालच्या कड्यांतून न सोडवता संपूर्ण ॲप्रन डोक्यावरून सदऱ्यासारखा काढायचा आणि तसाच खुंटीला टांगायचा, ही सवय लागल्यापासून हा प्रश्न मिटला.

खिशांची रचना करणाऱ्याने स्वतः कधी रंधा मारला असेल का, याची मला शंका आहे. छातीवरचा पेन्सिलीचा अरुंद कप्पा उत्तम आहे. पेन्सिल त्यात उभी राहते, वाकले तरी पडत नाही, आणि शेजारच्या कप्प्यात 150 मिलिमीटरची पोलादी पट्टी नेमकी बसते. परंतु मांड्यांवरचे दोन मोठे खिसे वर उघडे आहेत आणि त्यांची तोंडे बरोबर बाकाच्या उंचीला येतात. परिणामी रंध्यातून निघणारी सालपटे थेट खिशात जमा होतात आणि संध्याकाळी स्क्रू शोधायला हात घातला की आधी भुसा उपसावा लागतो. त्यांवर झाकणाची पट्टी असायला हवी होती. शेवटी मीच जाड कापडाचा तुकडा शिवून ती लावली. खाली कोपऱ्यात एक छिद्र ठेवले असते, तरी बारीक भुसा आपोआप गळून गेला असता. या खिशांत पटाशी मात्र कोणीही ठेवू नये. उत्पादकाच्या छायाचित्रात ती तशी ठेवलेली दिसते, पण धार लावलेली पटाशी खिशात घेऊन लाकूड पकडणाऱ्या वाइसवर झुकणे म्हणजे तिचे टोक स्वतःच्याच मांडीवर रोखून धरणे होय. तिची जागा बाकावरच.

गोंदाच्या बाबतीत मेणाचे कापड निर्विवाद सरस ठरले. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचे ओघळ त्यावर वाळतात आणि नखाने उचलले की सालीसारखे निघतात. सुती कपड्यावर तोच गोंद कायमचा कडक डाग होऊन बसतो. तथापि हेच मेण एका ठिकाणी घात करते. पॉलिश लावण्यासाठी घासून तयार ठेवलेल्या फळीला नवा ॲप्रन घासला, तर मेणाचा अंश लाकडावर जाऊ शकतो आणि तेवढ्या भागावर पुढचा थर नीट धरत नाही. शिवाय खिशांच्या कोपऱ्यांवरचे पितळी रिव्हेट दिसायला सुंदर असले, तरी एका तयार पेटीच्या झाकणावर मी रेलून उभा राहिलो तेव्हा त्यांनी उमटवलेला ओरखडा अजून तिथे आहे. कोपऱ्यांवर दुहेरी शिवण घालूनही हे काम भागले असते.

सुरक्षिततेच्या नावाखाली जे सांगितले जाते, त्यावर फार विसंबू नये. ॲप्रन अंगावरचे कपडे सांभाळतो आणि पटाशी निसटली तर किरकोळ ओरखडा वाचवेलही; पण गोल करवतीच्या टेबलावरून लाकडाचा तुकडा उलटा उसळला, तर कापडाचा थर त्याचा मार थोपवू शकत नाही. चष्मा, मास्क आणि कानांचे संरक्षण यांची जागा ॲप्रन घेत नाही. उलट लेथ किंवा ड्रिल प्रेस अशा फिरत्या यंत्रापाशी लोंबणारी नाडी हाच धोका असतो. माझ्या ॲप्रनच्या नाड्या इतक्या लांब होत्या की मागून पुढे आणून पोटावर गाठ मारली तरी वीतभर टोके उरत. ती मी पहिल्याच आठवड्यात कापून टाकली. कमरेला एका दाबात सुटणारे बक्कल असलेला प्रकार मिळत असेल, तर यंत्रावर काम करणाऱ्याने तोच घ्यावा. लेथवर नियमित काम करणाऱ्याला तर ॲप्रनपेक्षा गळ्यापर्यंत बंद होणारा, मागच्या बाजूला खिसे असलेला झगा जास्त उपयोगी पडेल, कारण तिथे सालपटे कॉलरमध्ये उडतात.

घरात काम करणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लाकडाची धूळ हे केवळ अस्वच्छतेचे प्रकरण नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. तीच धूळ कपड्यांवरून बैठकीच्या खोलीत आणि अंथरुणात जाऊ नये, यासाठी ॲप्रन कामाच्या खोलीतच काढून ठेवता येतो, ही त्याची कमी बोलली जाणारी उपयुक्तता आहे. मात्र तो दारात झटकण्यात अर्थ नाही, कारण बारीक धूळ पुन्हा आपल्याच नाकात येते. मी व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवतो. हे कापड यंत्रात किंवा गरम पाण्यात धुता येत नाही, अन्यथा मेण निघून जाते. चिखलासारखा डाग पडलाच, तर ओल्या फडक्याने पुसायचा. वर्षभराने पोटावरचा भाग, जिथे अंग सतत बाकाला घासते, तिथला रंग उडून कापड कोरडे दिसू लागले. तिथे मेणाची वडी घासून, हेअर ड्रायरच्या गरम हवेने ते मुरवले. अर्ध्या तासाचे काम होते आणि कापड पुन्हा पूर्ववत झाले.

जवसाच्या तेलाचे काम असेल त्या दिवशी मी हा ॲप्रन घालत नाही. त्या तेलात भिजलेले कापड चोळामोळा करून ठेवले, तर वाळताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडून ते आपोआप पेट घेऊ शकते, आणि मेणाने माखलेल्या जाड कॅनव्हासच्या बाबतीत असली परीक्षा पाहण्याची माझी तयारी नाही. त्यासाठी रिव्हेट नसलेला, पातळ सुती कापडाचा दुसरा ॲप्रन ठेवला आहे. काम संपले की तो पूर्ण पसरून उघड्यावर वाळत घालतो, आणि पेन्सिलीचा कप्पा त्यालाही शिवून घेतला आहे.