लॉजिटेक जी३०४: १८ सेंटीमीटरचा हात, क्लॉ पकड आणि बऱ्याच महिन्यांचा वापर

माझ्या जी३०४ या वायरलेस माउसच्या काळ्या मॅट प्लास्टिकवर आता तीन ठिकाणी चकाकी आली आहे. डाव्या-उजव्या बटणांच्या साधारण मध्यावर एकेक ठिपका, आणि मागे, तळहाताचा खालचा भाग टेकतो तिथे एक आडवा पट्टा. पाठीवरचा उंचवटा मात्र खोक्यातून काढला तसाच कोरा. तळहाताचा मधला भाग तिथे कधी टेकतच नाही, बोटं उभी वाकलेली असतात. म्हणजे पकड क्लॉ. तुमच्याकडे कुठलाही जुना माउस असेल तर आधी उजेडात धरून बघा. पकड कोणती हे यूट्यूबवरच्या तीन चित्रांपेक्षा तो जास्त खरं सांगतो.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. अख्खा तळहात माउसवर पसरला की पाम. तळहाताची मागची कड टेकलेली आणि बोटं वाकलेली असली की क्लॉ. तळहात हवेत आणि फक्त बोटांच्या टोकांनी धरला की फिंगरटिप. यात एक गोम आहे: दुकानात माउस हातात घेतला की सगळेच पाम पकडीने धरतात. हात निवांत असतो ना. खरी पकड दिसते ती व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये एकटे उरलात आणि समोर तिघं आहेत तेव्हा. मी बहिणीला सांगून डेथमॅच, म्हणजे त्यातला प्रत्येकजण एकटा लढतो तो सामना, खेळताना हाताचा व्हिडिओ काढून घेतला होता. पहिली दोन मिनिटं पाम, नंतर बोटं आपोआप वर आली ती खाली गेलीच नाहीत.

आता मापं. मनगटावरच्या पहिल्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात १८ सेंटीमीटर, म्हणजे मध्यमच. जी३०४ची लांबी ११६.६ मिलिमीटर, रुंदी ६२ च्या आसपास, उंची ३८.२. गेमर मंडळींत हाताच्या लांबीच्या ६० टक्के माउस असा एक आडाखा चालतो. त्या हिशेबाने मला १०८ मिलिमीटरचा पाहिजे. इतका आखूड माउस मला क्लॉमध्येही नको, मागे टेकायला काही उरणारच नाही. हा आडाखा मी गंभीरपणे घेत नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे रुंदी. काही कंपन्या सगळ्यात रुंद जागेचं माप छापतात, काही अंगठा आणि अनामिका जिथे धरतात तिथलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की गणित चुकतं. रेझर वायपर मिनी घ्या. लांबी ११८.३, म्हणजे जी३०४ पेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर जास्तच. पण हातात घ्या, बारका वाटतो, कारण पकडीच्या जागी तो ५३.५ आहे. हाताला लांबी फारशी कळत नाही, अंगठा आणि अनामिकेमधलं अंतर लगेच कळतं. तिसरी गोष्ट उंचवटा कुठे आहे ती, आणि तिचा आकडा तर कुणीच छापत नाही. बाजूने काढलेला फोटो बघायचा. उंचवटा मागे असेल तर क्लॉमध्ये तळहाताची कड तिथे छान अडकते. मध्ये असेल तर ती मागे घसरते आणि पकड सारखी सावरावी लागते. जी३०४चा उंचवटा साधारण मध्यापासून थोडा मागे, फार उठावदार नाही. माझ्या हाताला चालतो. अजून चार मिलिमीटर मागे असता तर मजा आली असती.

बटणांबद्दल एक बारकावा. बटण टोकाशी दाबलं तर हलकं लागतं, बिजागरीकडे जाल तसं कडक. क्लॉमध्ये बोटं वाकलेली असल्याने ती टोकावर न पडता मध्यावर पडतात, म्हणूनच माझे चकचकीत ठिपके तिथे आहेत. जी३०४ची बटणं वरच्या कवचापासून वेगळी आहेत, त्यामुळे मध्यावरही क्लिक नीट बसतो. याआधीच्या माउसला, नाव घेत नाही, मध्यावर दाबायला इतका जोर लागायचा की शेरिफ (व्हॅलोरंटमधलं पिस्तूल) झाडताना नेम हलायचा. शिवाय वर्ष व्हायच्या आत तो एका क्लिकचे दोन क्लिक करायला लागला.

वजन हा या माउसचा खरा विषय. सेलसकट ९९ ग्रॅम. २०२० मध्ये ६३ ग्रॅमच्या आतला लॉजिटेकचाच जी प्रो एक्स सुपरलाइट आला, आता त्याहून हलकेही मिळतात. त्यांच्यापुढे हा आकडा जड आहेच. पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे हाताला जास्त जाणवतं. यात एक साधा पेन्सिल सेल बसतो, तो एकटाच २३ ग्रॅमच्या घरात, आणि तो बसतो पाठीखाली, मागच्या बाजूला. मी ८०० डीपीआय (माउस इंचभर सरकला की सेन्सर किती टप्पे मोजतो तो आकडा) आणि गेममध्ये ०.३५ सेन्सिटिव्हिटीवर खेळतो. एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस साधारण ४७ सेंटीमीटर सरकवावा लागतो. म्हणजे पॅडच्या कडेला पोचलो की उचलून परत मध्यावर आणायचा, हे एका मॅचमध्ये शेकडो वेळा. उचलताना पुढचा भाग हलका आणि शेपूट लोंबतं, खाली ठेवताना आधी मागची बाजू टेकते. क्लॉवाल्यांचं बरं असतं, मागे तळहाताचा आधार असतो. फिंगरटिपवाल्यांनी मात्र हा माउस विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून तासभर खेळून बघावा.

यावर उपाय आहे, मी तोच वापरतो. टीव्हीच्या रिमोटमधला बारीक सेल आणि त्याला मोठ्या खोबणीत बसवणारं प्लास्टिकचं अडॅप्टर. वजन ९० ग्रॅमच्या आसपास येतं आणि जे कमी होतं ते शेपटाकडचंच, त्यामुळे आकड्यापेक्षा फरक मोठा वाटतो. सेल अर्थात निम्म्याहून लवकर संपतो. कंपनी मोठ्या सेलवर २५० तास सांगते. मी चार्ज होणारे सेल आलटून पालटून वापरतो, म्हणून खर्चाचं काही वाटत नाही. ऐन सामन्यात सेल बदलायची वेळ येते तेव्हा मात्र टीममधल्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

बाकी १२,००० डीपीआय वगैरे खोक्यावर शोभेला. सेन्सरने कधी दगा दिला नाही, वायरलेस आहे हेही विसरायला होतं. डाँगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) फक्त कॅबिनेटच्या मागे लपवू नका, टेबलावर जवळ ठेवा.

एप्रिल-मेमध्ये हात घामेजतात तेव्हा गुळगुळीत कडा निसटतात. मी बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळतात ती ग्रिप कापून दोन्ही बाजूंना चिकटवली. पकड बसली, पण माउस हातात एकदम फुगल्यासारखा झाला. दोन्हीकडे मिळून मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढलं की अनामिकेला लगेच कळतं. शेवटी ती काढून पातळ ग्रिप टेप लावली, ती टिकली आहे.

घरात अजून दोन हात आहेत, त्यांचंही सांगतो. मामेभावाचा हात २० सेंटीमीटरच्या वर, पकड पक्की पाम. त्याने जी३०४ धरून पहिलं वाक्य काढलं, "अरे, हा माउस आहे की साबणाची वडी?" त्याची करंगळी पॅडवर घासत होती. त्याच्याकडे डेथअ‍ॅडर इसेन्शियल आहे. १२७ मिलिमीटर लांब, उंच पाठीचा, उजवीकडे उतरता, दोन बोटं निवांत पसरतात. मला तोच माउस क्लॉमध्ये आवरत नाही. बहिणीचा हात जेमतेम १६, ती म्हणाली, "दादा, तुझ्या माउसचं बाजूचं पुढचं बटण दाबायला मला हात पुढे सरकवावा लागतो." तिने एका मैत्रिणीकडून जुना वायपर मिनी घेतला, ६१ ग्रॅमचा, वायरवाला. तिचा नेम सध्या माझ्यापेक्षा बरा आहे, आणि ती ते रोज सांगते.

तर १७ ते १९ सेंटीमीटरचा हात, क्लॉ पकड आणि खिशाला सुपरलाइट परवडत नाही, अशांनी जी३०४ डोळे झाकून नाही, पण जुन्या माउसवरची चकाकी बघून जरूर घ्यावा. वायर चालत असेल तर लॉजिटेकचाच जी१०२ बघा. आकार तोच, वजन ८५ ग्रॅम आणि सेलची भानगड नाही. डावखुऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवा: दोन्ही माउस दिसायला दोन्ही बाजूंनी सारखे असले तरी अंगठ्याची बटणं फक्त डावीकडे आहेत. डाव्या हातात धरलात तर ती अनामिकेखाली येतात.