छापखान्याला फायली पाठवण्यासाठी: फाइलझिला, सायबरडक की विनएससीपी?

दिवाळी अंक, पुस्तके किंवा जाहिराती यांची जुळणी करणाऱ्या मुंबईतील लहान कार्यालयांना छापखान्याच्या सर्व्हरवर मोठ्या फायली सतत चढवाव्या लागतात. विंडोजचा संगणक असेल तर त्या कामासाठी प्रामुख्याने तीन प्रोग्रॅमची नावे सुचवली जातात: फाइलझिला, सायबरडक आणि विनएससीपी. तिन्ही विनामूल्य आहेत आणि तिन्ही एसएफटीपीवर, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षितपणे फायलींची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीवर, व्यवस्थित चालतात, त्यामुळे वैशिष्ट्यांचे तक्ते समोर ठेवून निवड करू पाहणाऱ्याला त्यांत फारसा फरक दिसणार नाही. आमच्या दादरच्या कार्यालयात मी तिन्ही वापरले आहेत. पुढचे मत त्या वापरातून बनले आहे. घड्याळ लावून घेतलेल्या चाचण्या त्यामागे नाहीत.

फाइलझिलाची बाजू भक्कम आहे. २००१ साली टिम कोसे या विद्यार्थ्याने सहाध्यायांबरोबर तो सुरू केला आणि आज तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर सारखाच दिसतो, सारखाच वागतो. नवीन मुलगा कामाला आला तर डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर आणि खाली पाठवायच्या फायलींची रांग एवढे त्याला दाखवले की पुरते. एका वेळी दोन फायली पाठवण्याची त्याची मूळ मर्यादा दहापर्यंत वाढवता येते, आणि शेकडो लहान चित्रे असलेले फोल्डर पाठवायचे असेल तेव्हा माझ्या अनुभवात तो इतर दोघांपेक्षा लवकर मोकळा होतो. साठवलेले पासवर्ड मास्टर पासवर्डमागे ठेवण्याची सोय २०१७ साली आली. ती मुद्दाम चालू करावी लागते, पण आहे. इन्स्टॉल करताना मात्र प्रत्येक पडदा वाचूनच पुढे जावे, कारण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये इतर सॉफ्टवेअरचे प्रस्ताव असू शकतात.

सायबरडकची रचना वेगळी आहे. त्याच्या खिडकीत फक्त सर्व्हर दिसतो आणि आपल्या फायली बाहेरून ओढून आणून त्यात सोडाव्या लागतात. ज्यांचे ग्राहक कधी गूगल ड्राइव्हवर, कधी ड्रॉपबॉक्सवर, तर कधी ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण-सेवेवर साहित्य ठेवतात, त्यांना हे सर्व एकाच ठिकाणी उघडता येणे ही मोठीच सोय वाटेल. आमचा व्यवहार एकाच छापखान्याशी असल्याने मला तिचा उपयोग कमी झाला.

माझा निर्णय ठरला तो वेगळ्याच गोष्टीवरून. मोठी फाइल जात असताना मध्येच जोडणी तुटली, तर सर्व्हरवर पोहोचलेला अर्धा भाग कोणत्या नावाने शिल्लक राहतो, हा तो प्रश्न. ऐन पावसाळ्यात ब्रॉडबँड क्षणभर जाऊन परत येणे हे आमच्याकडे नेहमीचेच, आणि दिवाळी अंकाचे काम नेमके त्याच सुमारास अंगावर येते. फाइलझिला थेट अंतिम नावानेच लिहायला सुरुवात करतो, म्हणून तुटलेली फाइलही सर्व्हरवर पूर्ण फाइलच्या नावाने दिसते. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर ती अयशस्वी फायलींच्या यादीत नोंदलेली असते आणि तिथून पुन्हा चालूही करता येते. ती यादी छापखान्याच्या लोअर परळच्या गाळ्यात बसलेल्या ऑपरेटरला मात्र दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त पीडीएफचे नाव.

पीडीएफमध्ये आतील घटकांचा ठावठिकाणा सांगणारे कोष्टक सहसा फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेली पीडीएफ बहुतेक वेळा उघडतच नाही आणि गडबड लगेच कळते. त्रास होतो तो एखादा वाचक-प्रोग्रॅम ते कोष्टक स्वतःच नव्याने बांधून हाती लागतील तेवढी पाने दाखवतो तेव्हा. अर्ध्यावर तुटलेल्या जेपीईजीचेही तसेच: वरचा भाग स्वच्छ, खालचा राखाडी. शिवाय अनेक छापखान्यांत छपाईच्या प्लेटकडे जाणाऱ्या फायलींसाठी हॉट फोल्डर असतो, म्हणजे त्यात पीडीएफ पडली की पुढची यंत्रणा ती आपोआप उचलते. अशा ठिकाणी अर्धवट फाइलला पूर्ण नाव असणे मला तरी मान्य होण्यासारखे नाही. अशी फाइल पुढे गेली की दोन्हीकडून फोन सुरू होतात, ऑपरेटर म्हणतो फाइल आली आहे, आपण म्हणतो अजून जाते आहे, आणि दोघेही आपापल्या पडद्यापुरते खरे बोलत असतात.

विनएससीपी याचे उत्तर शांतपणे देतो. एसएफटीपीवरून १०० केबीपेक्षा मोठी फाइल पाठवताना तो तिच्या नावाच्या शेवटी फाइलपार्ट (.filepart) हे शेपूट जोडतो आणि शेवटचा बाइट पोहोचल्यावरच खरे नाव देतो. हे तो मूळ मांडणीतच करतो, काही शोधून चालू करावे लागत नाही. जोडणी परत आल्यावर त्याच तुकड्यापासून पुढे जाता येते, आणि तोवर पीडीएफचीच वाट पाहणारा हॉट फोल्डर त्या तुकड्याला हात लावत नाही. फाइलच्या बदलाची मूळ तारीख-वेळही तो आपणहून जपतो; फाइलझिलात तीच गोष्ट मेन्यूतून चालू करावी लागते. सुधारित पानांच्या चार आवृत्त्या एका फोल्डरात असताना ऑपरेटर तारखेवरूनच ताजी आवृत्ती ओळखतो, म्हणून हा तपशील मला लहान वाटत नाही.

त्याच्या मर्यादाही आहेत. विनएससीपी केवळ विंडोजवर चालतो, आणि तात्पुरत्या नावाची ही सोय साध्या एफटीपीवर, म्हणजे फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवर, मिळत नाही, तेव्हा छापखान्याकडे आधी एसएफटीपीचे खाते मागून घ्यावे. सर्व्हरवर फाइल लिहिण्याची परवानगी असून नाव बदलण्याची नसेल, तर शेवटच्या पायरीवर काम अडते. मराठी नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. लिनक्स सर्व्हरवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते आणि युनिकोड देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, अगदी काना-मात्राही, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे मावतात, आणि फाइलपार्टच्या शेपटाला त्यातलेच ९ बाइट लागतात. ‘दिवाळी अंक मुखपृष्ठ अंतिम दुरुस्तीसह’ इतपत नाव सहज चालेल, पण लेखाचे पूर्ण शीर्षक आणि लेखकाचे नाव दोन्ही घालण्याचा मोह आवरावा.

मॅक वापरणाऱ्यांनी माझ्या मते सायबरडक घ्यावा आणि त्याच्या प्राधान्यांमध्ये जाऊन तात्पुरत्या नावाने अपलोड करण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करावा. ज्यांचे काम मुख्यतः संकेतस्थळावर असंख्य लहान फायली चढवण्याचे आहे आणि ज्यांच्या फायलींची पलीकडे कोणी वाट पाहत बसलेले नसते, त्यांना फाइलझिला सोडण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्या कार्यालयातही तो एका संगणकावर त्याच कामासाठी ठेवला आहे. छापखान्याला जाणारी पाने मात्र विनएससीपीमधूनच जातात.